आधी टीसी कोणी काढायची?

आमच्या अंथुर्ण्यात ‘बदली’ हा शब्द पूर्वी नोकरदारांचा होता. तलाठ्याची बदली व्हायची, वायरमनची व्हायची आणि सगळ्यांत जास्त आम्हा प्राथमिक शिक्षकांची. मे महिन्यात दोन मास्तर स्टँडवर भेटले की नमस्काराच्या आधी प्रश्न यायचा, ‘यंदा बदलीपात्र का?’ मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता हाच शब्द मी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींच्या तोंडून ऐकतो. ‘गुरुजी, कॉलेजची बदली होती का ओ?’ जन्मभर बदल्यांचे फॉर्म भरलेला माणूस म्हणून ती माझ्याकडं येतात. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलमध्ये डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स.

त्यांचं नीट ऐकून घेतलं तर कळतं की ही पोरं वाईट कॉलेजातून चांगल्या कॉलेजात जायला निघालेली नसतात. आहेत तेही कॉलेज नावाजलेलं आणि जायचंय तेही तितकंच. दोन्हीकडं प्रवेशाला जवळपास सारखेच मार्क लागतात. म्हणून ऑफिसच्या खिडकीतला माणूस आणि घरातला चुलता, दोघंही एकच विचारतात: तिकडं तरी वेगळं काय आहे, मग कशाला बदलायचं? कटऑफची यादी समोर धरली तर प्रश्न बिनतोड वाटतो. यादीत ती दोन कॉलेजं एकाखाली एक असतात. अंथुर्ण्याच्या स्टँडवर उभं राहून बघितलं तर त्यातलं एक तासाभरावर असतं आणि दुसऱ्याला जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात.

गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे, दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर. अलीकडं जंक्शन, लासुर्णे, पलीकडं शेळगाव, निमगाव केतकी. बाजूला शेठ वालचंद हिराचंदांनी माळरानावर वसवलेलं वालचंदनगर. नीरा डाव्या कालव्यावर ऊस आणि कालव्याचं आवर्तन लांबलं की विहिरींवर सगळा भरवसा. शिक्षणाच्या बाबतीत आम्ही उपाशी नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. बारामतीत १९६२ सालापासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे. त्याला सगळा तालुका टीसी कॉलेज म्हणतो, त्यामुळं आमच्याकडं कुणी ‘टीसी काढली’ म्हटलं की आधी कॉलेजबद्दल बोलतोय की दाखल्याबद्दल, ते विचारावं लागतं. १९७२ची विद्या प्रतिष्ठान आहे, माळेगावला आहे, इंदापूरला आहे, कळंब-वालचंदनगरला आहे. २०१९ पासून बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. माझ्या पिढीला यातलं निम्मंसुद्धा नव्हतं.

तरीही पोरं लांब जातात. का जातात, ते मी महा ई-सेवा केंद्रात बसून बघितलं आहे.

आषाढात तुकोबांची पालखी सणसरवरून येते, बेलवाडीला गोल रिंगण होतं, आमच्या गावातून पुढं निमगाव केतकीकडं जाते. रस्ता मोकळा झाला की इंजिनीअरिंगच्या ऑप्शन फॉर्मचे दिवस येतात. केंद्रातल्या एका खुर्चीवर पोरगं, मागं बाप, बापाच्या मागं मामा. समोर पडद्यावर एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाईल, दशांशचिन्हाच्या पुढं सात आकडे. सात! सोनाराच्या काट्यालासुद्धा एवढे लागत नाहीत. २०२५ला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गटाला चार लाखांवर मुलं बसली, म्हणजे पर्सेंटाईलच्या एका दशांशात चारशेच्या वर मुलं येतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या पेपरांवर परीक्षा होते आणि हिशेबानं सगळी एका पट्टीवर आणतात. तो हिशेब मला मान्य आहे, त्याशिवाय गत्यंतर नाही. पण एका कॉलेजचा कटऑफ गेल्या वर्षी शून्य पॉइंट तीननं जास्त होता म्हणून ते ‘वरचं’ आणि दुसरं ‘खालचं’, ही समजूत तिथंच, त्या खुर्चीवर तयार होते. पुण्यात पीआयसीटी आणि व्हीआयटी ही दोन्ही कॉलेजं १९८३ सालची, एक धनकवडीला, दुसरं बिबवेवाडीला. दोन्हींची पोरं एकाच बसनं फिरतात. पण यादीत एकाला वर आणि एकाला खाली ठेवावंच लागतं, कारण फॉर्मला ‘दोन्ही सारखीच’ असा रकाना नाही.

आणि त्या क्रमाला पुढं फार मोठी किंमत आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप पक्की होते. मग बेटरमेंट नाही, पुढच्या फेऱ्या नाहीत. २०२५ला चार फेऱ्या केल्या आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंत्यांना तोच नियम लावला. अकरावीचंही आता तेच झालं आहे. पूर्वी ऑनलाईन प्रवेश पुणे-मुंबईसारख्या शहरांपुरता होता, २०२५-२६ पासून सगळ्या राज्याला लागू झाला. दहा पसंत्या लिहायच्या, पहिली लागली तर घ्यायचीच. म्हणजे आमच्याकडं पंधराव्या वर्षीच हा कस लागतो.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा फॉर्म २०२४ला मीच भरून घेतला. कृष्णाकाठच्या एका जिल्ह्यातलं जुनं, चांगलं कॉलेज मी पहिल्या नंबरला टाकायला लावलं. घरापासून तासाभरावरचं, तेवढ्याच तोलाचं दुसरं कॉलेज तिसऱ्या नंबरला. ब्रँच दोन्हीकडं तीच. माझी भावजय चहा घेऊन आली होती, ती मागं उभी राहून म्हणाली, ‘नाना, तिकडं बी तेवढंच, हिकडं बी तेवढंच, मग हिकडलं वर का न्हाई?’ मी तिला कटऑफ दाखवला. ती गप्प बसली. त्या संध्याकाळी त्या खोलीत सगळ्यांत शहाणा प्रश्न तिनं विचारला होता आणि मी तो आकड्यानं बंद केला. हे मी आज लिहितोय, कारण माझ्यासारखे बरेच चुलते, मामा आणि मास्तर या जिल्ह्यात आहेत.

पहिल्या फेरीत पहिलं कॉलेज लागलं. त्याच वर्षी जुलैत, ८ तारखेला, सरकारचा निर्णय निघाला होता: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅपमधून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शंभर टक्के ट्यूशन फी माफ. आमच्या गावात त्या निर्णयानं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, ज्या घरात मुलीला बीएस्सीवर थांबवायचं ठरलं होतं तिथं इंजिनीअरिंगचे फॉर्म भरले गेले. पण एक बारीक गोष्ट नंतर ध्यानात आली. दोन्ही कॉलेजांची फी शून्य झाली की मग खर्चातला फरक सगळा हॉस्टेल, मेस आणि प्रवासात उरतो. तासाभरावरचं कॉलेज असेल तर एसटीचा विद्यार्थी पास निघतो, त्यात जवळपास दोन-तृतीयांश सवलत असते, आणि पोरगी रात्री घरी जेवते. लांबच्या कॉलेजला महिन्याला रोख पैसे मोजावे लागतात. उसाचं बिल महिन्याला येत नाही.

डिसेंबरात, तोडणी चालू असताना, माझ्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा महिनाभरानं थोडी परत आली. धाकटा मुलगा नववीत. पोरगी पहिल्या सेमिस्टरची परीक्षा देऊन आली आणि आठ दिवस बापाच्या खाटेजवळून उठली नाही. परत निघताना मला म्हणाली, ‘नाना, कॉलेज वाईट न्हाई. शिकवतात पण चांगलं. मला फक्त हिकडं यायचंय.’

तिथून आमची फेरी सुरू झाली. त्या दोन कॉलेजांपैकी कुणालाही मी दोष देत नाही, दोन्हीकडच्या माणसांनी चांगलं वागवलं. एका ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या हेडक्लार्कनं मला स्टुलावर बसवून सगळं समजावलं, तसं कुठल्या परिपत्रकानंही समजलं नसतं. ‘गुरुजी,’ तो म्हणाला, ‘पहिल्या वर्षात कुठं हलायचं नाही. सगळे विषय सुटू द्या. दुसऱ्या वर्षाला इकडं जागा रिकामी राहिली, तिकडचं ना हरकत मिळालं, विद्यापीठानं अभ्यासक्रम जुळतो म्हटलं, तर होईल. पण जागा रिकामी राहील कशी?’

गाठ तिथं आहे. ज्या कॉलेजला मागणी आहे तिथं जागा रिकामी पडत नाही, आणि दुसऱ्या वर्षाला थोड्या पडल्या तर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं त्या भरतात. तो त्यांचा हक्कच आहे, त्यांनीही तीन वर्षं घासलेली असतात. ज्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतात, तिकडं कुणाला जायचं नसतं. म्हणजे चांगल्यातून हलक्यात जायला दार सताड उघडं आणि चांगल्यातून तितक्याच चांगल्यात जायला दार आहे, पण त्याच्यापुढं माणसं उभी आहेत.

त्यात अभ्यासक्रम जुळवायचा. आमच्या पोरीचं कॉलेज एका विद्यापीठाच्या छत्राखालचं, इकडचं दुसऱ्याच्या. मग मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता प्रमाणपत्र, विषयवार तुलना. पहिल्या वर्षी इकडं जो विषय दुसऱ्या सेमिस्टरला, तो तिकडं पहिल्याला. स्वायत्त कॉलेज असेल तर त्याचा अभ्यासक्रम त्याच्या सख्ख्या विद्यापीठाशीही जुळेल असं नाही. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, २०२२ला ते स्वतःच विद्यापीठ झालं. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं राज्यभर आहेत. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, तीन कॉलेजं तीन वेगवेगळ्या परीक्षा घेतात.

इथं मला गोखल्यांची आठवण येते. गोपाळ कृष्ण गोखले मॅट्रिकनंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तिथून मुंबईच्या एल्फिन्स्टनला, आणि १८८४ साली बीए झाले. डेक्कन आणि एल्फिन्स्टन ही त्या काळातली मुंबई इलाख्याची दोन बरोबरीची सरकारी कॉलेजं. तीन गावं, तीन कॉलेजं आणि एक पदवी. घरची परिस्थिती अशी की थोरले बंधू गोविंदराव तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवायचे. तरीही हे जमलं, कारण परीक्षा कॉलेजची नव्हतीच. ती १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची होती. कॉलेजात फक्त टर्म भरायची. कोल्हापुरात भरलेली टर्म पुण्यात चालायची, पुण्यातली मुंबईत. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. एकाच साच्यातला अभ्यासक्रम, सगळं वर्ष एका परीक्षेवर, गाव सोडून ज्याला जाणंच शक्य नाही त्याला काहीच नाही. स्वायत्ततेनं आपण त्यातलं बरंच सुधारलं. पण पोराला एका कॉलेजातून उठून दुसऱ्यात बसता येत होतं, ती सोय त्या सुधारणेत आपल्या हातून सुटली, आणि तिची कुणी फारशी खंत केली नाही.

ती सोय परत आणायचा एक प्रयत्न झाला आहे. जुलै २०२१ला विद्यापीठ अनुदान आयोगानं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. विद्यार्थ्यानं मिळवलेले क्रेडिट त्याच्या खात्यात जमा होतात, सात वर्षं टिकतात, आणि निदान निम्मे क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतले असले की बाकीचे दुसरीकडून आणता येतात. आमच्या पोरीकडंही ते खातं आहे, बारा आकडी नंबर तिला पाठ आहे. मी त्याचा कागद काढून हेडक्लार्कला दाखवला. त्यानं चष्मा लावून वाचला, परत दिला. ‘क्रेडिट हलतात, गुरुजी. खुर्ची हलत नाही.’

मेडिकलला तर २०२३ला खुर्ची जमिनीतच पुरली. पूर्वी मेडिकल कौन्सिलच्या नियमात पहिलं वर्ष पास झाल्यावर एका मान्यताप्राप्त कॉलेजातून दुसऱ्यात जाता यायचं. मर्यादा कॉलेजच्या जागांच्या पाच टक्के. तेवढ्या फटीतून का होईना, आजारी आईबापांची लेकरं घराजवळ यायची. जून २०२३च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमावलीनं मायग्रेशनच बंद केलं. जुन्या सवलतीत गैरप्रकार व्हायचे, वशिले चालायचे, हे कानावर यायचं आणि त्यात तथ्य असावं असं मलाही वाटतं. पण रेशन दुकानात मापात मारतात म्हणून रेशनच बंद करायचं नसतं. नांदेडच्या किंवा गोंदियाच्या पोराला बारामतीत नंबर लागतो, बारामतीच्या पोराला तिकडं. दोन्ही सरकारी कॉलेजं, फी तीच, डिग्री तीच. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, एवढ्या काळात घरात काय काय होऊ शकतं याचा विचार त्या नियमात कुठंच नव्हता.

अमेरिकेत कॉलेज बदलणं अगदी सर्रास चालतं. बराक ओबामा १९८१ साली लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजातून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९८३ला तिथून पदवी घेतली. तिथंही सगळी दारं उघडी नसतात. प्रिन्स्टननं १९९० ते २०१८ अशी अठ्ठावीस वर्षं बदलीनं विद्यार्थी घेणं बंदच ठेवलं होतं. मला त्यांच्या पद्धतीतली एकच गोष्ट हवीशी वाटते. अर्ज करणाऱ्याला ते मार्कांबरोबर लिहून मागतात, तू का बदलतोयस. म्हणजे कारण हे अर्जाचा भाग असतं. आमच्या पोरीनं भरलेल्या एकाही कागदावर कारणाची ओळ नव्हती. बापाच्या एमआरआयचा रिपोर्ट ती सगळीकडं फाईलमध्ये घेऊन फिरली, पण तो ठेवायला रकाना कुठं नव्हता.

आणि हे मला जास्त लागतं, कारण कारणाचा रकाना काय असतो ते मला माहीत आहे. मी भोर तालुक्यात सात वर्षं शिकवलं. १९२८ साली पुरं झालेलं भाटघरचं धरण तिथलं, आमच्या गावचं पाणी तिथूनच सुटतं. आवर्तन सुटलं की मला वाटायचं, हे पाणी चार दिवसांत माझ्या रानात पोचेल आणि मला पोचायला अजून किती वर्षं. शेवटी पोचलो, कारण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदलीचं धोरण होतं. पुढं २७ फेब्रुवारी २०१७च्या शासन निर्णयात ते आणखी नीट बसवलं. विशेष संवर्ग भाग एक: पक्षाघात, कॅन्सर, हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, दिव्यांग, विधवा. भाग दोन: पती-पत्नी तीस किलोमीटरच्या वर लांब असतील तर एकत्रीकरण. तीस किलोमीटर! नवरा-बायकोत तीस किलोमीटर पडले तर ते कारण म्हणून सरकार कागदावर मान्य करतं. शिवाय आपसी बदली: दोन शिक्षक राजी असले, पद सारखं असलं, तर एकमेकांच्या जागी जायचं. रिकाम्या जागेची वाट बघायची गरज नाही, कारण जागा रिकामी होतच नाही.

हे सगळं पन्नाशीच्या माणसांसाठी आहे, ज्यांना पगार आहे, संघटना आहे, मोर्चा काढता येतो. अठरा वर्षांच्या पोरीसाठी यातलं अक्षर नाही. खरं तर तिच्यासाठी ते जास्त सोपं आहे. इंजिनीअरिंगचा प्रवेश राज्याचा सीईटी सेल करतो, सगळ्यांची माहिती एका जागी आहे, ब्रँच, वर्ग, आरक्षण, पर्सेंटाईल, सगळं. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर एक फेरी घ्यायची, डिप्लोमाच्या फेरीच्या आधी. आजारपण, आईबापांपैकी कुणाचा मृत्यू, दिव्यांगत्व, एवढीच कारणं धरा, कागद तपासा, कडक तपासा. आणि आपसी अदलाबदल, जिथं एक उठला तर दुसरा बसतो आणि कुणाचीच जागा जात नाही. कुठल्याही कॉलेजचा पट एकानंही हलत नाही.

अदलाबदल ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. ती घडता घडता राहिली.

मार्च २०२५ मध्ये पोरीनंच शोधलं. घराजवळच्या त्या कॉलेजात, तिच्याच ब्रँचला, तिच्याच वर्षाला एक मुलगा होता, तिच्या कॉलेजच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवरचा. त्याची आई एकटी, दोन म्हशी आणि वीस गुंठे. त्यानं इकडचं कॉलेज वर टाकलं होतं, कारण त्याच्याही मामानं कटऑफ बघितला होता. त्याला तिकडं जायचं होतं, हिला इकडं यायचं होतं. दोघांचे पहिल्या सेमिस्टरचे मार्क जवळजवळ सारखे. फोनवर बोलणं झालं, मग आम्ही मोठी माणसं बोललो. एका रविवारी तो मुलगा आणि त्याचा मामा अंथुर्ण्याला आले, भावाच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून बसले. जेवणं झाली. सगळं कागदावर मांडलं. हिनं तिकडून नाव काढायचं, ती जागा त्याला. त्यानं इकडून काढायचं, ती जागा हिला. आम्हाला वाटलं, झालं काम.

मामा तसा धोरणी माणूस. हात धुऊन आल्यावर त्यानं विचारलं, ‘पण गुरुजी, आधी टीसी कोणी काढायची?’

सगळे गप्प झाले. कारण दोघांची एका दिवशी, एका क्षणी बदली करील असा कागद कुठंच नव्हता. पोरीनं आधी टीसी काढली तर तिकडची जागा रिकामी. ती त्या मुलालाच मिळेल असा नियम नाही, ती यादीतल्या कुणालाही जाईल. तोवर इकडची जागा त्यानं सोडलेली नसेल तर ही ना तिकडची, ना इकडची. त्यानं आधी काढली तरी तेच. फीचं तर आणखी वेगळं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमानं प्रवेशाची शेवटची तारीख उलटून तीस दिवस झाले की परतावा शून्य. मुळात त्या नियमातच म्हटलंय की मूळ कागदपत्रं कुठल्याही संस्थेनं अडकवून ठेवायची नाहीत, पण कागद हातात असून उपयोग काय, बसायला जागा नाही तर. आम्ही दोन्ही ऑफिसांत गेलो. दोन्हीकडच्या माणसांना गोष्ट पटली. दोन्हीकडं उत्तर एकच आलं, आधी तिकडून काढून आणा.

मी त्या दोघांना काही सांगू शकलो नाही. ‘तू काढ’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही, त्याच्या मामाचीही झाली नाही. कुणाच्या तरी लेकराचं वर्ष पणाला लावायचं होतं. जून गेला, निकाल लागले, दोघंही सगळ्या विषयांत पास. आषाढात पालखी आली, गेली. डिप्लोमाच्या पोरांच्या फेऱ्या लागल्या. दोघांनी दुसऱ्या वर्षाची फी-पावती आपापल्या कॉलेजात फाडली.

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. ऑगस्टात पोरीला ताप आला, हॉस्टेलवर दोन दिवस अंगावर काढला. तिनं आम्हाला कळवलं नाही, त्या मुलाला कळवलं, त्यानं आईला. माउली रिक्षा करून गेली आणि तिला घरी घेऊन आली. पाच दिवस ठेवून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी पोरगी तिच्याकडं जेवते आणि येताना दुधाची बाटली आणते. इकडं तो मुलगा शनिवारी संध्याकाळची एसटी पकडून आमच्याकडं येतो. भावाला धरून अंगणात चालवतो, उजव्या हातात रबरी चेंडू देऊन दाबायला लावतो. ते त्याला कुणी शिकवलं नाही, त्यानं फोनवर बघितलं. भाऊ त्याला नावानं हाक मारायला बघतो, अर्धंच नाव निघतं. सोमवारी सकाळी भावजय त्याच्या पिशवीत बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि लोणच्याची बरणी घालते.

दिवाळीच्या आधी भावजयीचा फोन वाजला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. पलीकडून त्या माउलीचा आवाज, मोठा, शेतातून बोलल्यासारखा. ‘अवो ताई, पोरगी काल निम्मीच भाकरी खाऊन उठली. पेपर हायत का तिचं? इचारलं तर सांगंना.’

भावजय म्हणाली, ‘हायत. सोमवारपास्नं. आन् तुमचा बी ह्या शनवारी आला न्हाई, त्येलाबी पेपरच असतील.’ मग दोघी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि मग म्हशीच्या दुधाचा दर काय चाललाय ते सुरू झालं.